चार बोटांची रेघ

लोनी टेटमनं वर्षभर डूख धरला होता. डूख धरायला नागच लागतो असं नाही. अलाबामातल्या टॉलिव्हर गावचा, जाड चष्म्याचा, बारीक आवाजाचा, अठ्ठावन्न वर्षांचा सरकारी मोजणीदारही त्या कामाला पुरतो. दिवसभर तो लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायचा, भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे खुंट्या ठोकायचा, आणि मनातल्या मनात एकाच माणसाच्या वाटोळ्याची वाट बघायचा. त्या माणसाचं नाव रँडल व्हीलॉक, टॉलिव्हर विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा कोच.

व्हीलॉक ओहायोकडून आलेला. येऊन तीन वर्षं झाली तरी गावातल्या चार माणसांची नावं त्याला ठाऊक नव्हती. "ए कॉफीवाला", "ए गेटवाला", "ए साखळीवाला". मोठा माणूस हो. मोठ्या माणसांना नावं कशाला लागतात?

लोनीचा थोरला भाऊ हॉलिस हाही त्याच्या लेखी नुसता "सामानवाला". या हॉलिसनं टॉलिव्हरमधूनच इतिहासाची पदवी घेतली होती, शाळेत शिकवायची नोकरी चालून आली होती. ती सोडून तो विद्यापीठाच्या टीमचं सामान सांभाळायला राहिला, आणि एकदोन नाही, चौतीस वर्षं राहिला. हेल्मेटं रंगवायची, घामट कपडे धुवायचे, फाटलेलं शिवायचं, बुटांच्या तळाचे खिळे बदलायचे. पोरं त्याला "मिस्टर हॉलिस" म्हणायची. चाळिशी ओलांडलेले डॉक्टर आणि वकील गावात आले की आधी त्याच्या खोलीत डोकावून जायचे. त्याला विचारलं, की बाबा रे, शिकून सवरून हे काय करतोस, तर म्हणायचा, "कॉलेजचे कपडे धुतो. कुणीतरी धुवायला हवेतच ना."

त्या माणसाचं व्हीलॉकनं काय केलं ते ऐका.

आदल्या वर्षी, शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात, नदीपलीकडच्या ब्राउनली विद्यापीठाशी सामना होता. बाकी दहा सामने हरलात तरी चालतं आमच्याकडे, ब्राउनलीशी हरायचं नसतं. सकाळपासून पाऊस. मैदानाचा नुसता राडा झालेला. हॉलिस कोचकडे गेला आणि म्हणाला, "कोच, बुटांना लांब खिळे लावतो. घसरतील पोरं."

"छोटेच राहू दे," व्हीलॉक च्युइंगगम चघळत म्हणाला. "मला पोरं पळायला हवीत, नांगरायला नकोत."

लोनी भावाला सामान उचलू लागायला आलेला, तिथेच पाच पावलांवर उभा होता. त्यानं हे शब्द कानांनी ऐकले. मग पोरं दिवसभर घसरली, तोंडावर आपटली, आणि टॉलिव्हर एकतीस विरुद्ध तीन असं हरलं. रविवारी सकाळी टीव्हीवर कोचचा कार्यक्रम असतो, चर्चला जायच्या आधी अख्खं गाव बघतं. त्यात व्हीलॉक म्हणाला, "काय आहे, आमच्या सामानवाल्यानं चुकीचे खिळे लावले. वय झालंय बिचाऱ्याचं. मी दोष देत नाही." सोमवारी हॉलिस कामावर गेला तर त्याच्या खोलीचं कुलूप बदललेलं होतं, आणि दाराबाहेर धुण्याच्या पिशवीत त्याचा कॉफीचा मग, सपाता आणि रेडिओ भरून ठेवलेला होता. दोष देत नाही म्हणे. चोर तो चोर, वर शिरजोर.

लोनी तेव्हाच वर्तमानपत्राच्या कचेरीत जायला निघाला होता. हॉलिसनं त्याचा दंड धरला. "नाही जायचं. कोचची अब्रू गेली की कॉलेजची जाते. नवीन पोरं यायची नाहीत, ब्राउनलीवाले हसतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, लोनी. शपथ घे, की बोलणार नाहीस."

लोनीनं शपथ घेतली. दोघंही मूग गिळून बसले, आणि गाव म्हणायला लागलं की हॉलिस म्हातारा झाला, हॉलिसनं सामना घालवला. हॉलिसनं सलूनमध्ये जाणं सोडलं, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागला. घराशेजारच्या गॅरेजमध्ये बसून तो कुणी न दिलेली जुनी हेल्मेटं घासायचा. नेल, म्हणजे त्याची बायको, ती मात्र शांत बसणारी नव्हती. ती लोनीला म्हणाली, "मी रोज रात्री देवाला सांगते, त्या व्हीलॉकचं तळपट कर. पाद्री म्हणाला, अशी प्रार्थना करायची नसते. मी म्हटलं, मग तुम्ही कानात बोळे घाला."

"नेल, माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात चिमटा असतो की रे दर शनिवारी," नेल म्हणाली आणि शेंगा उकडायला आत निघून गेली. एवढंच ती म्हणाली. लोनी मात्र तिथे पायरीवर बराच वेळ बसून राहिला.

आता हा चिमटा काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडचा फुटबॉल पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार डाव मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याच्या हवाली. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला माणसं साखळी घेऊन उभी असतात. साखळीच्या दोन टोकांना दोन काठ्या, आणि मधे कुठेतरी एक चिमटा. मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याची आडवी रेघ मारलेली असते, चार बोटं रुंद. साखळी पसरली की जवळच्या रेघेच्या मागच्या कडेशी चिमटा लावायचा. मग चेंडू पोचला की नाही अशी शंका आली, की साखळी मैदानात न्यायची, चिमटा त्याच रेघेच्या मागच्याच कडेला टेकवायचा, म्हणजे पुढची काठी बरोब्बर आपल्या जागी येते. पुढच्या कडेला टेकवलात तर काठी चार बोटं पुढे जाते, आणि चार बोटांपायी आमच्याकडे माणसांच्या नोकऱ्या गेल्यात, सोयरिकी मोडल्यात.

टॉलिव्हरमध्ये साखळी धरणारे चौघंही विद्यापीठाचेच माजी विद्यार्थी असतात. बिनपगारी काम. पांढरं जाकीट घालायला मिळतं आणि सामन्यानंतर भाजलेल्या डुकराच्या मांसाची एक प्लेट. आणि एक रिवाज आहे: साखळीवाल्यानं टाळी वाजवायची नाही. आपल्या पोरांनी आकाश खाली आणलं तरी हात खाली ठेवायचे. लोनीनं बावीस वर्षं चिमटा सांभाळला होता आणि बावीस वर्षांत एकही टाळी वाजवली नव्हती. त्याबद्दल त्याच्यापेक्षा हॉलिसलाच जास्त अभिमान. "टेटमांच्या घरात कुणी रेघ हलवली नाही," असं तो लोकांना सांगायचा.

सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर आला. या वर्षी ब्राउनलीचा सामना टॉलिव्हरच्याच मैदानावर होता. व्हीलॉक ब्राउनलीकडून दोनदा हरला होता, आणि विद्यापीठाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी उघड सांगून टाकलं होतं, की तिसऱ्यांदा हरला तर सोमवारी त्याची रवानगी, आणि जिंकला तर आणखी पाच वर्षांचा करार. गावात माजी विद्यार्थ्यांचे सरळ दोन तट पडले. एक म्हणायचा, कोच आहे म्हणून कॉलेज आहे. दुसरा म्हणायचा, कोच येतील आणि जातील, कॉलेज आपलं आहे. पण एका गोष्टीवर दोन्ही तटांचं एकमत होतं, शनिवारी जिंकलंच पाहिजे. मग तो टिकला तरी चालेल. लोनीला याचीच चीड यायची. अरे, जिंकलात तर तो पाच वर्षं छातीवर बसेल आणि हॉलिस गॅरेजमध्येच मरेल, हे कुणाला सांगायचं?

गुरुवारी बर्लच्या सलूनमध्ये ठिणगी पडली. बर्ल लोनीच्या मानेवरून वस्तरा फिरवत होता. बाकावर हार्लन प्रुइट बसलेला. हा विमा विकायचा, आणि माजी विद्यार्थी संघाचा गावातला अध्यक्ष होता. कोचचा उजवा हात. बोलणं असं, की समोरच्याला आपण होऊन विमा काढावासा वाटावा.

"या वेळी खिळे बरोबर असणार," हार्लन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नवीन सामानवाला तरुण आहे. डोळे शाबूत आहेत त्याचे."

दुकानात कुणीतरी फिदीफिदी हसलं. लोनीच्या डोक्यात तिडीक गेली. शपथ होती म्हणून खिळ्यांचं तोंडातून निघेना, मग जे निघू नये ते निघालं. "शनिवारी आपण हरलो पाहिजे," तो म्हणाला. "सपाटून हरलो पाहिजे."

बर्लचा वस्तरा थांबला. टॉलिव्हरमध्ये हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. दारुडे बोलले नव्हते, ब्राउनलीच्या मुली करून आणलेले नवरेसुद्धा बोलले नव्हते.

"लोनी," हार्लन हळू आवाजात म्हणाला, "एक्कावन्न साली याच कॉलेजनं तुला पदवी दिली. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? नाहीतरी मोजणीच करतोस म्हणा."

लोनी अर्धी मान भादरलेली तशीच घेऊन उठला आणि बाहेर पडला. शुक्रवारी दिवसभर तो एका बाईच्या आणि तिच्या दिराच्या बांधाचा वाद मोजत होता. दिरानं दर नांगरटीला थोडाथोडा बांध कोरत आणला होता. लोनीनं त्याला झाप झाप झापलं, इतकं की ती बाईच मधे पडली आणि म्हणाली, जाऊ द्या, म्हातारे आहेत.

शनिवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. हिरव्या आणि सोनेरी टोप्यांनी स्टेडियम गच्च भरलेलं. पोरं जीव तोडून खेळली, ते मात्र खरं. खोटं कशाला बोलू? शेवटी घड्याळात दीड मिनिट उरलं तेव्हा ब्राउनली एकवीस, टॉलिव्हर सतरा, आणि चेंडू टॉलिव्हरकडे. चौथा डाव, म्हणजे शेवटचा. पुढे सरकायला हवेत दोन यार्ड. सरकलं तर जिंकायला मैदान मोकळं, नाही सरकलं तर सामना संपला. साखळीवरचा चिमटा पंचवीस यार्डांच्या रेघेच्या मागच्या कडेशी लावलेला होता. तो लोनीनंच लावला होता, आणि चोख लावला होता.

टॉलिव्हरच्या पोरानं चेंडू पोटाशी धरला आणि मधे घुसला. वीस अंगं एकावर एक कोसळली. ढिगारा उपसला तर तळाशी चेंडू, अगदी हद्दीवर. पंच वाकून बघायला लागला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि त्यानं हात करून साखळी मागवली.

तीस हजार माणसं बाकांवरून उठून उभी राहिली.

लोनीनं चिमट्यापाशी साखळी मुठीत धरली. दोन्ही काठीवाले उठले. तेवढ्यात त्याच्या कोपराला कुणीतरी धरलं. व्हीलॉक होता. इतक्या जवळून लोनीनं त्याला कधी बघितलं नव्हतं. कपाळावर घाम होता, तोंडातलं च्युइंगगम थांबलं होतं.

"लोनी," तो म्हणाला.

म्हणजे नाव माहीत होतं तर.

"लोनी, मधे रेघ पुसट झालीय, चिमटा थोडा मागे सरकला तर दिसत नाही. कळतंय ना? तू आपल्या कॉलेजचा माणूस आहेस. कॉलेजसाठी एवढं कर."

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत लोनीचं काहीच ठरलं नव्हतं. आठवडाभर मनात शंभर वेळा चिमटा पुढे टेकवला होता आणि शंभर वेळा मागे घेतला होता. त्यानं पोरांकडे बघितलं. ती हातात हात धरून, गुडघे टेकून बसली होती. त्यांनी काय पाप केलं होतं? ही हिरवी जर्सी त्यानंही एके काळी घातली होती. कुणी सांगावं, व्हीलॉक गप्प राहिला असता तर लोनीच्या बावीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या हाताला आपोआप मागच्या कडेला नेलं असतं.

पण व्हीलॉक "कॉलेज" म्हणाला. ज्या शब्दापायी हॉलिस वर्षभर तोंड शिवून बसला, तोच शब्द या माणसानं लबाडी करून घ्यायला पुढे केला. लोनीनं साखळी घट्ट धरली. त्यानं कोपर सोडवलं आणि तो चालायला लागला.

पंचवीसची रेघ मैदानाच्या मधोमध बुटांनी तुडवून विस्कटलेली होती. तरी मोजणीदाराला दोन्ही कडा स्वच्छ दिसत होत्या. लाईन्समन, म्हणजे साखळीवर देखरेख करणारा पंच, परगावचा होता, आणि त्याची नजर चेंडूवर होती, कारण जवळजवळ सगळ्यांचीच नजर चेंडूवर होती.

"टेकला?" लाईन्समननं विचारलं.

लोनी एका गुडघ्यावर बसला, आणि चिमटा रेघेच्या पुढच्या कडेला टेकवला. "टेकला," तो म्हणाला.

साखळी ताणली. पुढची काठी चेंडूच्या नाकासमोर उभी राहिली. पंच खाली वाकला, आणि त्यानं चेंडूच्या टोकाच्या आणि काठीच्या मधे दोन बोटं धरून वर दाखवली. दोन बोटं कमी.

रेघ चार बोटांची. म्हणजे खरी मोजली असती तर चेंडू दोन बोटं पुढे होता. हे सगळ्या स्टेडियममध्ये आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं लोनीला वाटलं.

ब्राउनलीच्या बाजूनं आरोळी उठली. व्हीलॉकनं कानावरचा हेडफोन काढून जमिनीवर आपटला, त्यावर पाय दिला, पंचाच्या अंगावर धावून गेला. लोनी साखळी गोळा करत त्याच्याकडे बघत राहिला. किती गार वाटलं म्हणून सांगू त्याला! वर्षभर घशात अडकलेलं हाड एकदम खाली उतरावं तसं. सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे पोरं टोप्या काढून उभी राहिली, बँडनं विद्यापीठाचं गीत धरलं, आणि हरलेलं तीस हजारांचं गाव रडत रडत ते गायलं. लोनीही गायला, सगळी कडवी, वरच्या पट्टीत.

संध्याकाळी तो हॉलिसकडे गेला. हॉलिस गॅरेजमध्ये रेडिओपाशीच बसून होता. डोळे लाल झालेले. "तिसरं वर्ष," तो म्हणाला. "तीन वर्षं ब्राउनलीकडून. किती कमी पडला रे?"

"दोन बोटं."

"दोन बोटं," हॉलिस म्हणाला. त्यानं स्वतःची दोन बोटं जुळवली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. "पोरांचं नशीबच फुटकं. मला वाटलं होतं जिंकतोय."

"व्हीलॉक जाणार आता," लोनी म्हणाला.

"जाईल. पण आपण हरलो ना." हॉलिसला बाकी काही सुचतच नव्हतं. चिमटा कुठे टेकवला हे विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. नेलनं एक शब्द विचारला नाही. तिनं नारळाच्या केकचा हा एवढा तुकडा कापून लोनीपुढे ठेवला आणि दुसरा कागदात बांधून त्याच्या जाकिटाशेजारी ठेवला.

रविवारी सकाळी व्हीलॉक टीव्हीवर आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "आम्ही हरलो नाही. आम्हाला फसवलं. आमच्याच साखळीवाल्यानं चिमटा पुढच्या कडेला लावला. मी बाजूनं बघत होतो, मी स्वतः बघितलं. त्या माणसाला माझ्यावर सूड उगवायचा होता."

शब्दन् शब्द खरा होता. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस त्या खुर्चीवर बसून खरं बोलत होता, आणि लोनी घरी कॉफीचा घोट घेत ते ऐकत होता. मग सोमवारी मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष म्हातारे आणि तिखट. म्हणाले, "गेल्या वर्षी खिळे चुकीचे होते. या वर्षी साखळी चुकीची. पुढच्या वर्षी कोच, मैदानच उलटं बसवलं होतं म्हणाल." बैठक वीस मिनिटांत आटोपली. व्हीलॉकच्या खोलीचं कुलूप त्याच दुपारी बदललं. दाराबाहेर त्याच्या वस्तू खोक्यात भरून ठेवल्या होत्या हे लोनीनं मुद्दाम गाडी वळवून, जाऊन, डोळ्यांनी बघितलं. हॉलिसला तरी पिशवी मिळाली होती, याला खोकं. अद्दल घडायची तर अशी घडावी. खरा असून खोटा ठरावा माणूस, हॉलिस ठरला होता तसा.

पण गाव म्हणजे मंडळ नव्हे. गुरुवारचं ते वाक्य दुकानात आठ माणसांनी ऐकलं होतं, आणि आठांचे आठशे झाले होते. लोनीला पेट्रोलपंपावर कुणी बोलेना. हॉलिसच्या घरी फोन वाजायला लागले, तुझ्या भावानं कॉलेज विकलं म्हणून. लोनीला त्याची फिकीर नव्हती. बोलेनात का. त्यानं मनाशी एकच शब्द तयार ठेवला होता, आणि तो घोकून घोकून गुळगुळीत करून ठेवला होता.

मंगळवारी सकाळी तो राहिलेली अर्धी मान भादरून घ्यायला बर्लकडे गेला. हार्लन प्रुइट होताच, आणि आणखी पाचसहा जण. लोनी खुर्चीत बसतो न बसतो तोच हार्लन उभा राहिला.

"सांग लोनी. गुरुवारी म्हणालास, हरलो पाहिजे. शनिवारी हरलो. आम्ही काय समजायचं?"

तेवढ्यात दार उघडलं आणि हॉलिस आत आला. वर्षानंतर पहिल्यांदा. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर जुनी हिरवी टोपी. बर्लनं सवयीनं त्याच्यासाठी टॉवेल उचलला आणि मग काय करावं ते न सुचून तसाच धरून ठेवला.

"हार्लन," हॉलिस म्हणाला, "मी बोलणार नव्हतो. कॉलेजची शोभा होऊ नये म्हणून वर्षभर बोललो नाही, आणि याच्याही तोंडाला कुलूप मीच लावलं होतं. गेल्या वर्षी मी लांब खिळे लावतो म्हणालो होतो. व्हीलॉक म्हणाला, छोटे ठेव. नंतर टीव्हीवर माझ्या नावानं खोटं बोलला. मी गिळलं. माझ्यापुरतं होतं तोवर गिळलं." त्याचा आवाज चढला, हॉलिसचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. "आता तोच माणूस माझ्या भावाला लबाड म्हणतो. याला बावीस वर्षं तुम्ही बघताय. राग आला की हा वाट्टेल ते बोलतो, तोंडाचा फाटका आहे. पण रेघ? टेटम रेघ हलवत नाही. माझं काय उरलंसुरलं नाव आहे ते मी त्यावर ठेवतो."

"लोनी," हॉलिस वळून म्हणाला. "सांग यांना. कुठली कड?"

लोनीनं भावाच्या डोळ्यांत बघितलं. "मागची," तो म्हणाला.

"ऐकलंत?" हॉलिस म्हणाला.

हार्लननं डोक्यावरची टोपी काढली. गोडबोल्या असेल, चमचा असेल, पण टॉलिव्हरचाच होता. "मिस्टर हॉलिस," तो म्हणाला, "त्या खिळ्यांवरून मी दुकानात बसून हसलो होतो. चूक झाली माझी. पुढचा नंबर माझा आहे, पण तुम्ही बसा." एक म्हातारा उठला आणि हॉलिसचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. दुसरा म्हणाला, मंडळाला सांगू, तुमची खोली तुम्हाला परत द्यायला लावू. लोनीनं वर्षभर जे मागितलं होतं ते सगळं एका मिनिटात, त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. तो खुर्चीतून उठला आणि त्यानं भावाला जागा दिली.

बर्लनं हॉलिसच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि गालांना साबण लावला. हॉलिसनं मान मागे टाकली, डोळे मिटले. वर्षाचा शीण त्याच्या तोंडावरून उतरत चालला होता.

"लोनी, आहेस ना?"

"इथंच आहे."

"वर्षभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. तो व्हीलॉक टीव्हीवर सरळ समोर बघून खोटं बोलला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. कसं जमत असेल रे माणसाला? समोर कुणी विश्वासानं बघत असताना?" साबणाच्या आतून तो हसला. "तुला नसतं जमलं. लहानपणापासून तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

"नाही जमायचं," लोनी म्हणाला. समोर बर्लचा मोठा आरसा होता. लोनीनं त्यात स्वतःकडे बघितलं, आणि पापणी लवली नव्हती.